डावी किडनी काढायची न्हाई

ज्याला कधी मुतखडा झाला न्हाई त्यानं हे वाचू नये, आन वाचलंच तर गप बसावं. सल्ले मला लई मिळाले. आता ठेवायला जागा न्हाई. हे मी त्या माणसासाठी लिहून राहिलो, ज्याच्या कुशीत तिसऱ्यांदा कळ उठलीय आन ज्याला कुणीतरी खुर्चीत बसून सांगितलंय, "काढून टाकू की, दुसरी आहे ना."

माझं नाव किशन. अर्धापूरचा. लग्नाचा आचारी हाय. वय सत्तेचाळीस, शाळा दहावीपर्यंत, म्हणून लिहिण्यात काय चुकलं तर चुकलं. नांदेड, लातूर, परभणी, जिथं मांडव तिथं माझी भट्टी. हाताखाली अकरा माणसं. त्यातला सगळ्यात जुना गफारभाई. नांदेडचा, माझ्याच वयाचा. वीस वर्षं झाली, कढई मी बघतो आन जाळ तो बघतो. मी नुसतं मान हलवली तरी त्याला कळतं की जाळ वाढवायचा का उतरवायचा.

भट्टीचा कायदा

ज्या उस्तादाकडं मी शिकलो, त्यांचा एक कायदा होता. भट्टी पेटल्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत पाणी प्यायचं न्हाई. तापल्या अंगात पाणी गेलं की अंग गळतं, असं ते म्हणायचे. शिवाय पाणी पिणारा सारखा लघवीला पळतो, आन तेवढ्यात इकडं वरण तळाला लागतं. चहा चालायचा. दिवसाला पंधरा-वीस कप चहा अन् पाणी थेंबभर न्हाई.

मी तो कायदा जसाच्या तसा उचलला. उचलला म्हणजे काय, मिरवला. माझ्या भट्टीवर कुणी माठाकडं गेला की मी समद्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडायचो, "काय रं, नवरीकडचा पाहुणा हाय का तू? बस खुर्चीवर, सरबत आणतो!" लोकं हसायची. तो बिचारा गिलास ठेवून परत यायचा. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, चार भट्ट्या पेटलेल्या असताना. मला वाटायचं, ह्याला म्हणतात शिस्त.

पडलो तो दिवस

नांदेडच्या एका मंगल कार्यालयात साखरपुडा होता. सकाळचे साडेदहा. वांग्याची भाजी रटरटत होती. डाव्या कुशीतून कळ निघाली ती थेट जांघेत उतरली. कळ ओळखीची होती. पहिल्यांदा खडे आपोआप पडले होते, दुसऱ्यांदा दुर्बीण घालून काढले होते. आन मी शहाण्यानं काय करावं? ते खडे हिंगाच्या डबीत घालून खिशात ठेवायचो. कुणी ओळखीचा भेटला की डबी उघडून दाखवायचो, "हे बघ, हे माझ्या पोटातून निघाले." मोठी कमाई केल्यासारखं. डॉक्टरानं तेव्हा कागदावर लिहून दिलं होतं, दिवसभर भरपूर पाणी प्या. तो कागद कुठं गेला देव जाणे. डबी मात्र जपून ठेवली. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावी वाटतं.

ह्या खेपेला कळेबरोबर थंडी वाजून आली. हुडहुडी भरली, भट्टीम्होरं. झारा हातातून सुटला आन मी खाली बसलो. गफारभाईनं झारा दुसऱ्याच्या हातात दिला, मला उचलून भांड्याच्या टेम्पोत पातेल्यांच्या मधी घातलं. मुलीचा बाप टेम्पोमागं पळत आला. मला वाटलं इचारपूस करायला आला. तर तो म्हणतोय, "मठ्ठ्याचं काय? मठ्ठा झाला का?" माणूस मरून राहिला आन ह्याला मठ्ठा!

दवाखान्यात सोनोग्राफी झाली, मंग मोठा फोटो काढला. डॉक्टर मोबाईलकडं बघत बघत बोलले. डावी किडनी खड्यानं भरलीय. एकच खडा, पर फांद्या फुटलेला, पार कोपऱ्या-कोपऱ्यात गेलेला. आत पू झालाय. "ती आता फारशी कामाची नाही," ते म्हणाले, "काढून टाकू. दुसरी आहे ना."

किडकं वांगं आलं तरी मी आधी चिरून बघतो, चांगला भाग निघतो का. ह्या माणसानं तेवढंही केलं न्हाई. माझी बायको कमल शेजारी उभी होती. तिनं इचारलं, "दुसरं कायच करता येत न्हाई का?" तर म्हणाले, "ताई, तुम्ही गुगल करू नका." कमलचा फोन बटनाचा हाय.

ताप उतरवून त्यांनी मला आठ दिवसांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली आन गोळ्या देऊन घरी सोडलं.

सल्लागार मंडळ

घरी आलो तर ओसरीवर गर्दी. कुणी हुलग्याचं पाणी सांगतंय, कुणी पानफुटीची पानं घेऊन आलंय. एकानं सांगितलं, टमाट्याच्या बियानं होतं हे समदं. दुसरा म्हणला, पालक बंद कर. मी पालक कधी खाल्ला? आचारी मांडवात स्वतःचं केलेलं बी खात न्हाई, चहा-बिस्कुटावर राहतो. मेहुणा म्हणला, "दाजी, बियर प्या. दोन बाटल्यात खडा विरघळून जातो." त्याला स्वतःला प्यायची होती, सोबतीला माणूस पाहिजे होता, बाकी काय न्हाई. वर आणखी म्हणतो, "एका किडनीवर माणूस शंभर वर्षं जगतो." मी म्हणलं, "मंग तुझी काढ, माझ्या शेजारी झोप." तो रुसून गेला. बरं झालं.

आन आता माझ्या अकलेचं सांगतो. एवढं समद्यांना हसून, चौथ्या दिवशी मी गुपचूप खडा काढणाऱ्याकडं गेलो. एका गावात बसतो. लांबलचक रांग, त्यात दोन मास्तर बी होते. तो कुशीला पितळेची नळी लावतो, तोंडानं ओढतो, आन तळहातावर थुंकून दाखवतो, हा बघ निघाला. मी तो खडा हातात घेतला. तीस वर्षं मी तांदूळ निवडलाय. तो तांदळातला खडा होता. चांगल्या तांदळातला बी न्हाई, रेशनच्या.

"हा तांदळातला हाय," मी म्हणलं.

"श्रद्धा पाहिजे," तो म्हणला.

अन् तरी बी, खोटं कशाला बोलू, घरी येताना मला वाटलं की जरा हलकं वाटून राहिलंय. माणूस भ्याला की त्याच्या डोक्याचं असं खोबरं होतं. त्याच संध्याकाळी पुन्हा थंडी-ताप.

मला भ्याव कशाचं होतं ते इथं लिहितो, म्हणजे घोळ राहणार न्हाई. मरणाचं न्हाई. आमच्या गल्लीत एक जण मशीनवर रक्त धुवायला जातो, आठवड्यातून तीनदा. सकाळी जातो, दुपारी येतो, बाकीचा दिवस भिंतीकडं तोंड करून पडून असतो. त्याच्या बायकोचं उतरलेलं तोंड मी रोज बघतो. एक किडनी गेली, आन दुसरीनं दगा दिला, तर मी तिथं. कमल तशी. भट्टी बंद.

गफारभाई आला तेव्हा मी हे त्याला बोललो. त्यानं सल्ला दिला न्हाई. एवढंच म्हणला, "उस्ताद, लातूरला मूत्राचा एक डॉक्टर हाय. माझ्या मावसभावाची त्यांनीच वाचवली. काढायच्या आधी वाचवून बघतात. चला." मी म्हणलं बघू. तो म्हणला, "बघू न्हाई. गाडी भायेर उभी हाय."

लातूर

ह्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला आन लई वेळ कोपरा न् कोपरा बघितला. मोबाईल वाजला, त्यांनी उलटा ठेवला. फोटोकडं नीट बघणारा डॉक्टर भेटणं ही किती मोठी गोष्ट हाय, हे आजारी पडल्याशिवाय कळत न्हाई.

मंग म्हणाले, "उजव्या किडनीतही बारीक खडे आहेत. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"न्हाई साहेब."

"तुमचं शरीर खडे करतं. करत राहणार. डावी काढली आणि उद्या उजवी अडकली, तर काय?"

कमल माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं.

"डावीत अजून जीव आहे," ते म्हणाले. "वाचेलच असं वचन देत नाही. पण न बघता काढणार नाही."

आधी पाठीतून नळी घालून पू काढायचा, ताप मोडायचा, मंग ऑपरेशन, असं ठरलं. नळी घातली तेव्हा जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत न्हाई. तुम्ही जेवून बसला असाल.

वार्ड

दवाखान्याच्या खिचडीवर मी एक शब्द बोलणार न्हाई, कारण ती खिचडी नव्हतीच. पिवळं गरम पाणी, त्यात तांदूळ बुडून मेलेले. मी वाढणाऱ्याला इचारलं, फोडणी कुणी दिली? तो म्हणला, "फोडणी कशाची? पेशंटचं हाय." म्हणजे पेशंटला जीभ नसते, असा ह्यांचा हिशोब.

भेटायला येणारे तर काय सांगू! अर्धापूर म्हणजे केळीचं गाव, म्हणून समदे केळी घेऊन येणार. खाटेच्या खाली केळी, खिडकीत केळी. पायावर बसायचं, नळीवर बसायचं, आन सुरू करायचं, "आमच्या गावात एकाला असंच झालतं." मंग तो कसा मेला ते. मी इचारायचो, त्याला बी केळी नेली होती का? एक काका तर लघवीची पिशवी उचलून उजेडात धरून बघायला लागले, दुधात पाणी किती हाय बघतात तसं. कमलनं त्यांच्या हातातून काढून घेतली.

समद्यात माणसासारखी एकच बाई होती, शेवंताबाई, वार्डात झाडू-पोतं करणारी. पहिल्या दिवशी पिशवी सांडली, माझी चादर, कपडे समदं खराब. मी तोंड भिंतीकडं केलं. मोठा उस्ताद, हजार पानाचा आचारी, आन ही अवस्था. तिनं नाक मुरडलं न्हाई. चादर बदलता बदलता म्हणली, "लाजता कामून? तुमचं निघून राहिलं, हे चांगलं हाय. पलीकडच्याचं निघतच न्हाई." मला रडू आलं. तिनं ते बघितलं न्हाई असं केलं आन बादली घेऊन गेली.

गफारभाई रोज यायचा न्हाई, लग्नं चालू होती, मी नसताना समदं त्याच्यावर. पर दोन दिवसाआड नांदेडहून यायचा, खाटेजवळ उभा राहून कालच्या भाजीला किती तेल लागलं ते सांगायचा. केळी आणली न्हाईत, मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या न्हाईत.

सही

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी डॉक्टर कागद घेऊन आले. समजावून सांगितलं. पाठीतून भोकं पाडून आत जायचं, खडा फोडत फोडत काढायचा. एका खेपेत न्हाई झालं तर दोन खेपा. किडनी जागेवर ठेवून फक्त खडा काढायचा प्रयत्न. "पण रक्त थांबलंच नाही," ते म्हणाले, "तर जीव वाचवायला किडनी काढावी लागेल. त्याची परवानगी इथं पाहिजे."

मी म्हणलं, "ती ओळ खोडा."

"खोडता येत नाही."

"मंग मी सही करत न्हाई. काढायची असती तर नांदेडातच काढली असती."

डॉक्टर कागद घेऊन उठले आन भायेर गेले. मी आणखी चढलो. कमलला बी नको ते बोललो. तुझ्या भावानं तुला शिकवलंय, तुम्हा लोकांना एकदाचं सुटायचंय, असलं कायबाय. भ्यालेला माणूस लई हलकं बोलतो. तिनं ऐकून घेतलं. माझ्या हातातला पेन घेतला, चपला घातल्या आन डॉक्टरांच्या मागं गेली. नातेवाईकाच्या जागी तिनं सही केली. परत येऊन कागद आन पेन माझ्या उशीजवळ ठेवला आन म्हणली, "आता तुमची करा. न्हाईतर मी इथून उठत न्हाई."

तिच्याकडं न बघता मी सही केली.

हाय का?

शुद्ध आली तेव्हा तोंडात कोरडी माती भरल्यासारखं झालं होतं. एक सिस्टर सलाईन बघत होती. मी म्हणलं, "हाय का?"

"काय?"

"किडनी!"

"आहे की. कुठं जाईल?"

माझा विश्वास बसला न्हाई. ह्यांना काय, कायबी सांगतील. मी कमलला बोलवा म्हणलं. ती आली. डोळे सुजलेले, केस तसेच. मी तिला तेच इचारलं.

"हाय," ती म्हणली. "रक्त लई गेलं. दोन बाटल्या चढवल्या. डॉक्टर एकदा भायेर येऊन म्हणले, काढावी लागंल बहुतेक. म्या म्हणलं काढा. मंग पुन्हा आत गेले आन थांबलं म्हणं रक्त."

"तू काढा म्हणलीस?"

"हाव, म्हणले. मला नवरा पाहिजे होता. निस्त्या किडनीचं काय लोणचं घालू?"

एवढं बोलून ती माझ्या पायापाशी बसली आन हुंदके देऊन रडायला लागली. आदल्या दिवशी मी तिला काय काय बोललो होतो ते दोघांनाही पाठ होतं. मी हात पुढं केला. तिनं धरला, पर लई उशिरानं.

आठ दिवसांनी दुसरी खेप झाली, राहिलेल्या दोन फांद्या काढल्या. आत एक बारीक नळी ठेवली, ती महिन्यानं काढायची. त्या महिन्यात काय होतं हे कुणी आधी सांगत न्हाई, म्हणून मी सांगतो. सारखी लघवी लागते, जळजळतं, कधी लाल होते. घाबरू नका. नळी काढायची तारीख मात्र चुकवू नका. बरं वाटायला लागलं म्हणून नळी आत तशीच ठेवून वर्षभर हिंडणारे महाभाग बी मी लातूरच्या दवाखान्याच्या रांगेत बघितले, आन त्यांच्याबद्दल माझ्या तोंडात चांगला शब्द न्हाई.

अकरा माणसं

नळी काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नवा फोटो बघितला. डावी काम करतेय, म्हणाले. पूर्ण न्हाई, पर करतेय. कमलनं तिथंच हात जोडले. मंग त्यांनी इचारलं, "कामावर पाणी किती पिता?"

मी भट्टीचा कायदा सांगितला. सांगताना पहिल्यांदाच मला तो येड्याचा वाटला. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं.

"तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?"

"अकरा."

"सगळ्यांची सोनोग्राफी करून घ्या."

मी अकराही जणांना नांदेडात एका सकाळी रांगेत उभं केलं. समदे कुरकुरले. गफारभाई तर म्हणला, "मला ना कळ, ना काय. चांगला ठणठणीत हाय. कशाला उगं, उस्ताद?" मी त्याला ढकलत आत नेलं.

चौघांना बारीक खडे निघाले. गफारभाईची उजवी किडनी सुकून गेली होती. कधीतरी खडा अडकला, किडनी फुगली, आन हळूहळू मेली. दुखलं न्हाई म्हणून त्याला पत्ता न्हाई. डावीत एक खडा होता. राहिली होती ती तेवढीच.

त्याला मीच सांगितलं. टेम्पोत बसलो होतो. त्यानं रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. मंग म्हणला, "तुमची वाचली ना? मंग ठीक हाय." आन लगेच, "सोमवारचं लग्न उरकू, मंग बघू."

सोमवारचं लग्न मी सोडलं. मुलीच्या बापानं फोनवर मला जे बोलायचं ते बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं. सोमवारी आम्ही दोघं लातूरला त्याच डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी फोटो उजेडाला लावला, लई वेळ बघितला.

"ही एकच आहे आता," ते म्हणाले. "पण खडा काढता येईल. ही वाचेल." मंग त्यांनी गफारभाईला इचारलं, "तुम्ही पाणी इतकं कमी का पीत होता?"

गफारभाईनं माझ्याकडं बघितलं न्हाई. टोपी मांडीवर काढून ठेवली होती, ती सारखी करत म्हणला, "आपली आदतच तशी हाय साहेब. लहानपणापासून तहानच लागत न्हाई."

डॉक्टर ते लिहून घ्यायला लागले.

"लिहू नका साहेब," मी म्हणलं. "खोटं बोलून राहिला तो. त्याला तहान लागत होती. मी पिऊ दिलं न्हाई."